मामाच्या नावाचा जोडा

खोडदच्या शिवारात दुर्बिणीच्या मोठाल्या तबकड्या उभ्या राहिल्या, तेव्हा लांबलांबची माणसं त्या बघायला यायची. आमच्या हौशीरामाचं रान त्याच वाटेवर. पाहुणे मान वर करून तबकडीकडं बघायचे आणि हौशीराम बांधावर बसून पाहुण्यांच्या पायांकडं बघायचा. कोणाची टाच चपलेच्या बाहेर आलीय, कोण अंगठा मुडपून चालतंय, कोणाचा पट्टा घासतोय, हे त्याला कांद्याच्या वाफ्यातून दिसायचं. स्वतःचे पाय आयुष्यभर दुखले, म्हणून असेल.

त्याच्या उजव्या अंगठ्याच्या बुडाशी हाड वाढून बाहेर आलं होतं, सुपारीएवढं. अंगठा कलून शेजारच्या बोटावर चढलेला. डाव्या तळव्याला कुरूप. टाचांच्या भेगा पावसाळ्यात चिखलानं बुजायच्या आणि थंडी पडली की पुन्हा उघड्या व्हायच्या. अनवाणी पाणी धरून धरून पाय असे झाले, असं परक्या माणसाला वाटायचं. त्यात थोडं खरं होतं. पण त्याचे पाय बिघडवले ते त्याच्या मामांनी, तेही मेल्यानंतर.

आमच्याकडं माणूस गेला की दहाव्याच्या दिवशी नदीवर त्याच्या नावानं जोडा, छत्री आणि काठी देतात. घेतो तो भाचा. मेलेल्याची वाट लांबची, उन्हाची. भाच्यानं जे पायात घातलं ते मामाच्या पायाला तिकडं पोचतं, असं जुनी माणसं मानतात. आता हे मानण्यापुरतंच उरलंय. बाजारातून हाताला लागेल तो जोडा आणायचा, भाच्यानं पाया पडून घ्यायचा, घरी नेऊन कोनाड्यात टाकायचा. हौशीरामाला तसं कधी जमलं नाही. त्याच्या आईनं त्याला सांगून ठेवलं होतं की न घातलेला जोडा पोचत नाही. आई गेली, पण तिचं हे बोलणं त्याच्या मनातून गेलं नाही.

त्याचं आजोळ येडगावचं, धरणाच्या अंगाला. मामा तीन. थोरले भिकामामा गेले तेव्हा त्यांच्या पोरांनी घाईनं वहाणा आणल्या, टायरचा तळ आणि जाड कातड्याचे अंगठे. दोन बोटं आखूड. हौशीरामानं त्या वर्षश्राद्धापर्यंत रोज घातल्या. अंगठ्याचं हाड त्याच वर्षी बाहेर आलं. पुढं मधले सोपानमामा गेले. त्यांच्या नावानं काळे प्लास्टिकचे बूट मिळाले, ते इतके ढगळ की पाय आत पुढंमागं सरकायचा. कुरूप त्या वर्षाचं. वर्ष सरल्यावरही तो दोन्ही जोडे अधूनमधून घालायचा, म्हणायचा, वाट किती लांब आहे ते आपल्याला कुठं ठाऊक.

पारावर बसलेली माणसं त्याला हटकायची.

"हौशीराम, आज कोन चावतंय रं? थोरला का मधला?"

"थोरला. मधला चावत न्हाई, नुसता घसरतो."

सगळे हसायचे, तोही हसायचा. त्याची बायको प्रयागबाई मात्र हसायची नाही. संध्याकाळी गरम पाण्याची लोखंडी पाटी त्याच्या पुढ्यात ठेवताना म्हणायची, "मेलेल्या मानसाला तरी बरं वाटत आसंल का तुमचं ह्ये लंगडनं?"

"मी आनवानी हिंडलो तर त्यो आनवानी जाईल," एवढंच तो म्हणायचा आणि पाय पाण्यात सोडायचा.

तिसरा मामा गेणू. तो सगळ्यात धाकटा, हौशीरामाच्या बरोबरीचा. आजी आणि आई एकाच साली बाळंत झाल्या होत्या, आणि आईला दूध कमी पडलं तेव्हा आजीनं दोघांनाही अंगावर पाजलं होतं. नात्यानं मामा-भाचे, वाढले जुळ्यासारखे. कुकडीत म्हशी धुतल्या त्या दोघांनी मिळून, जत्रेत कुस्त्या हरले त्याही मिळून. हौशीराम त्याला मामा म्हणायचा, पण बोलणं सगळं अरे-तुरेचं. आपल्या म्हातारपणी एकमेकांच्या घरी चार-चार दिवस जाऊन राहायचं आणि बायकांच्या शिव्या खायच्या, एवढाच दोघांचा पुढचा बेत होता.

दोन हजार दोन सालच्या पावसाळ्यात गेणूला दम लागायला लागला. आधी चढाला, मग सपाटीला, मग बोलताना. पाय सुजायचे. पोरांनी पुण्याला नेलं, फोटो काढले, गोळ्या आणल्या. दिवाळी झाल्यावर एके दिवशी तो एकटाच एसटीनं खोडदला आला. स्टँडपासून घरापर्यंत येताना तीनदा बसला, असं बघणाऱ्यांनी नंतर सांगितलं. ओट्यावर टेकला आणि बराच वेळ नुसता श्वास घेत राहिला.

"काय म्हनला डाक्टर?" हौशीरामानं विचारलं.

"काळीज मोठं झालंय म्हनला. येवढी वर्सं संसार केला, ठमाबाईला कळलं न्हाई. डाक्टरानं एका फोटूत वळाकलं."

हौशीराम हसला. गेणू थांबला, मग म्हणाला, "हौश्या, पाय दाव."

"का रं?"

"दाव म्हनलं ना."

हौशीरामानं पाय ओट्यावर घेतला. गेणूनं तो स्वतःच्या मांडीवर ओढला आणि त्या वाढलेल्या हाडावरून अंगठा फिरवला, बैलाचा खूर बघावा तसा.

"थोरल्यानं वाट लावली तुझी."

"थोरल्यानं न्हाई. त्याच्या पोरांनी. माप न घेता आनलं."

"मंग माझी पोरं काय येगळी हाईत? मी मेलो की पप्पू बाजारात जाईल, दुकानदार दील त्ये उचलंल. त्याला सोताच्या बापाचा नंबर म्हाईत न्हाई, तुझा कुठनं आसंल. म्हनून म्हनतो, मी हाय तवर जाऊ. तू पायात घाल, चालून दाव, मी माझ्या डोळ्यानं बघतो. मंग बांधून ठिवतो घरात. दहाव्याला पप्पू त्योच दील."

"तुला ताप आलाय का, मामा?"

"ताप न्हाई. तुझ्या पायाला चावला तर मला तिकडं चावंल. आधीच दम न्हाई, त्यात लंगडत कुठवर जाऊ?"

त्यानं हे हसत हसतच म्हटलं. हौशीराम हसला नाही. चहा घेऊन आलेली प्रयागबाई उंबऱ्यातच उभी राहिली. "मामंजी, तिन्हीसांजंचं आसलं बोलू नये," ती म्हणाली आणि कपबशी ठेवून आत गेली.

मामाला नाही म्हणणं हौशीरामाला जमलं नसतं. पण त्या संध्याकाळी त्यानं मनाशी एक ठरवलं. एकही जोडा पायाला बसला नाही, तर काही विकत घेतलं जाणार नाही. विकत घेतलं नाही, तर बांधून ठेवलं जाणार नाही. आणि ज्या दहाव्याची तयारीच झाली नाही, तो दहावा येईल कसा? हा विचार लहान पोरानं करावा असा होता. साठी ओलांडलेल्या माणसानं तो केला आणि कोणाला सांगितला नाही.

नारायणगावच्या पेठेत मिश्रीलालशेठचं पादत्राणांचं दुकान होतं. घराणं मूळ मारवाडातलं, पण बोलणं आपल्यासारखं. जैन माणूस, चामड्याला हात लावायचा नाही. दुकानात सगळं रबर, कापड आणि फोम. स्वतः मात्र गादीवर अनवाणी बसायचा.

"शेठ, दुसऱ्याला जोडं घालता आन् आपुन आनवानी?" गेणूनं आत शिरतानाच टोला मारला.

"हलवाई कधी पेढे खातो का, पाव्हणं? बसा. पण दुपारचे कशाला आलात? जोडा घ्यावा संध्याकाळी. दिवसभर चालून पाय फुगलेला असतो, तेव्हा बसला तर कधीही बसतो."

"मंग सांजच्याला येतो."

"सांजच्याला मी जेवायला जातो. दिवस मावळायच्या आत आमचं ताट लागतं." मिश्रीलाल हसला. "आता आलाच आहात तर बसा. थोडा सैल बघू. कोणाला पाहिजे?"

"ह्याला," गेणू म्हणाला. "घेनार मी. घालनार ह्यो."

मिश्रीलालनं जास्त विचारलं नाही. या भागात त्याचा जन्म गेला होता, मामा भाच्याला जोडा घेतोय म्हटल्यावर त्याला काय कळायचं ते कळलं असावं. त्यानं हौशीरामाचा पाय बघितला आणि समोरच्या फळीवरचे सगळे टोकदार बूट नजरेनंच बाद केले.

"ह्या पायाला पुढून रुंद पाहिजे. अंगठ्यापुढं बोटभर जागा. टाचेला मागून पट्टा, नाहीतर वय झालेल्या माणसाचा पाय उतारावर निसटतो. आणि इथं," त्यानं हाडाजवळ बोट नेलं, "इथं शिवण नको, बक्कल नको."

पहिला जोडा घातला. "चावतोय," हौशीराम म्हणाला. दुसरा घातला. "करकचतोय." तिसरा ढगळ निघाला. गेणू बाकावर बसून प्रत्येक वेळी पुढं वाकायचा, स्वतःच्या हातानं पट्टा सैल करायचा, पुन्हा घट्ट करायचा आणि त्या वाकण्यानंच धापा टाकायचा.

मग मिश्रीलालनं वरच्या फळीवरून एक तपकिरी जोडा काढला. रुंद तोंडाचा, मऊ तळाचा, चिकटपट्टीचा. हौशीरामानं पाय आत घातला, आणि त्याच्या तोंडावरचं काहीतरी सुटलं. कितीतरी वर्षांनी त्याची बोटं एकमेकांवर न चढता शेजारी शेजारी बसली होती. तो दारापर्यंत चालला. परत आला. रस्त्यावरच्या गाड्यांकडं बघत उभा राहिला.

"बसला?" गेणूनं विचारलं. तो बाकावरून अर्धा उठला होता.

हौशीरामानं नाकाला हात लावला. "न्हाई. ह्योबी चावतोय."

मिश्रीलालनं एकदा हौशीरामाकडं पाहिलं, एकदा गेणूकडं. मग जोडा उचलला, खोक्यात घातला आणि खोका वर न ठेवता गादीच्या खाली सरकवला.

त्यानंतर ते मंचरला गेले. तिथल्या तरण्या दुकानदारानं पांढरे, उंच तळाचे बूट दाखवले आणि हल्ली पेन्शनवाले सकाळी हेच घालून पळतात, असं सांगितलं. "ह्ये घालून मला यमाच्या म्होरं पळिवतो का काय?" गेणू म्हणाला. दुकानदाराला काही कळलं नाही, पण हौशीरामाला कळलं आणि तो बाहेर जाऊन उभा राहिला. तिथंही काही बसलं नाही. मग जुन्नरला गेले. बाजार भरलेला, चढ दमवणारा. दुकानात पोचायच्या आधीच गेणू एका बंद दाराच्या पायरीवर बसला. ओठ काळेनिळे पडले होते. हौशीरामानं समोरच्या दुकानातून तांब्याभर पाणी आणलं. गेणू घोटभर प्याला आणि बाजारातल्या माणसांकडं बघत म्हणाला,

"हौश्या, मिश्रीशेठकडचा तपकिरी जोडा बसला व्हता तुला."

"चावत व्हता."

"खोटं बोलताना तू नाकाला हात लावतो. दूध पीत व्हतो तवापसनं बघतोय तुला."

एक बैलगाडी गेली, एक रिक्षा गेली.

"बसला व्हता," शेवटी तो म्हणाला. "पर मी घेनार न्हाई."

"का?"

"घेतला की तू जाशील."

गेणूनं तांब्या खाली ठेवला. "मी जायचा त्यो जानारच, येड्या. फकस्त कसं जायचं, त्ये तुला इचारतोय."

हौशीरामानं मामाला येडगावच्या जीपमध्ये बसवून दिलं आणि स्वतः खोडदच्या गाडीत बसला. जीप निघेपर्यंत गेणू त्याच्याकडं बघत होता. हौशीराम खिडकीतून दुसरीकडं बघत राहिला.

त्यानंतर संक्रांत झाली, होळी झाली. ना तो येडगावला गेला, ना गेणूचा निरोप आला. हौशीराम शेतावर जायचा, कांदे काढायला बाया लावायचा, संध्याकाळी परत यायचा. प्रयागबाईनं एकदा म्हटलं, "जाऊन या की. रुसलेत त्ये तुमच्यावं." तो म्हणाला, "रुसू दे. रुसलेला मानूस जात न्हाई कुठं." पाण्याची पाटी ठेवून ती तिथंच बसून राहिली.

त्या उन्हाळ्यात पाण्याची ओरड होती, धरण तळाला गेलं होतं. चैत्रात एका सकाळी येडगावच्या दुधाच्या गाडीवाल्यानं ठमाबाईचा निरोप आणला. तुमचा मामा आता आडवा होत नाही, भिंतीला उशा लावून दिवसरात्र बसून असतो, अन्न जात नाही, असा.

हौशीराम तसाच उठून नारायणगावला आला आणि मिश्रीलालच्या दुकानात शिरला. मिश्रीलालनं गादीच्या खालचा खोका काढला. हौशीरामानं पैसे दिले, तपकिरी जोडा पायात घातला, जुना तिथंच सोडला आणि येडगावची जीप गाठली. फाट्यावर उतरल्यावर तो मुद्दाम धुळीतून चालला. नुसता आणलेला नव्हे, घातलेला जोडा मामाला दिसावा म्हणून.

गेणू ओसरीवर होता. मान पुढं झुकलेली, पाय खांबासारखे सुजलेले. ठमाबाई वारा घालत होती. थोरला पोरगा पप्पू दाराशी उभा होता. हौशीराम ओसरीवर चढला नाही. अंगणातच थांबला आणि म्हणाला, "मामा, बघ. बसला."

तो अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालला. गेणूनं मान वर केली. डोळे आधी पायांवर आले, मग हौशीरामाच्या तोंडावर. सुकलेल्या चेहऱ्यावर हसू उमटलं.

"मिश्रीशेठकडचा?"

"व्हय. त्यानं ठिवला व्हता."

"आन् घेतला कोनी?"

"मीच घेतला. आत्ता येताना."

गेणूचं हसू तिथंच थांबलं. "तू इकत घेतलास?"

"व्हय."

"मंग त्यो तुझा झाला, हौश्या. माझा कुठं ऱ्हायला?"

हौशीराम अंगणाच्या मधोमध उभा राहिला. एवढी वर्षं मामांचे जोडे घालून हिंडलेला माणूस, सगळी रीत तोंडपाठ असलेला, आणि नेमकी हीच गोष्ट त्याच्या ध्यानात आली नव्हती. पायाला बसणारा जोडा मिळवायच्या घाईत त्यानं मामाचं देणंच काढून घेतलं होतं. पप्पू म्हणाला, "आबा, मी पैसं देतो की दादाला. त्यात काय."

"पैशाचं न्हाई रं ते," गेणू म्हणाला आणि श्वासासाठी थांबला. मग हात पुढं केला. "काढ. हितं दे."

"मामा, पायातला जोडा तुझ्या हातात?"

"दे म्हनलं ना."

हौशीरामानं जोडा काढून दिला. गेणूनं तो मांडीवर घेतला. धोतराच्या सोग्यानं त्याच्यावरची धूळ पुसली. बोटं आत घालून हाडाच्या जागेवर चाचपून बघितलं.

"शिवन न्हाई हितं. बरं हाय." मग बायकोकडं वळला. "ठमे, पानी आन."

ठमाबाईनं ओळखलं. तिचा पंखा थांबला. "जित्या मानसानं पानी सोडू नये," ती म्हणाली. "पोरं हाईत सोडायला."

"पोरांनी माप बघितलेलं न्हाई. आन पानी."

तिनं पाणी आणलं. तांब्या पप्पूनं धरला. गेणूच्या ओंजळीत पाणी राहीना, निम्मं गोधडीवर सांडलं. उरलं ते त्यानं जोड्यावरून हौशीरामाच्या हातात सोडलं.

"घे भाच्या. माझ्या नावानं."

हौशीरामानं जोडा कपाळाला लावला.

"आता घाल. त्या चिंचेपतोर जा आन् ये माघारी."

हौशीराम निघाला. ओला जोडा पायात मऊ बसला होता. न लंगडता कसं चालायचं ते त्याचे पाय विसरले होते, तरी ते आपोआप सरळ पडायला लागले. पाठीमागून गेणूचा आवाज आला, "जरा दमानं. पळतो कुठं?"

तो चिंचेला हात लावून परत आला तेव्हा गेणूनं डोळे मिटले होते, पण तो झोपला नव्हता. म्हणाला, "आवाज बरा येतो जोड्याचा."

चैत्र सरायच्या आत गेणू गेला.

दहावा कुकडीच्या पात्रात झाला. नदीत पाणी जवळजवळ नव्हतं, वाळू सकाळपासूनच तापलेली. भावकी जमली होती. पप्पूनं मुंडण केलेलं. पाटावर छत्री होती, काठी होती, आणि नव्या काळ्या बुटांचा जोड होता. पप्पूचा दोष नव्हता. भावकीतल्या वडीलधाऱ्यांनी त्याला सांगितलं होतं की जिवंतपणी सोडलेलं पाणी खरं नव्हे, नवा जोडा आणावाच लागेल. भटजींनीही तेच म्हटलं, अगदी मऊ आवाजात. "बाबा, त्यांनी दिली ती मायेची भेट झाली. दान आजच्या दिवसाचं. हा घ्या."

हौशीरामानं त्या बुटाकडं पाहिलं. पुढून निमुळता, कडक, हाडाच्या जागी जाड शिवण. हा घेतला तर मामा त्या वाटेवर लंगडणार. नाही घेतला, आणि भटजी म्हणतात तेच खरं असलं, तर मामा अनवाणी जाणार.

माणसं एकमेकांकडं बघायला लागली. मग हौशीराम वाकला. पायातला तपकिरी जोडा काढला, तापल्या वाळूत अनवाणी उभा राहिला, जोडा उपरण्यानं पुसला आणि पप्पूच्या हातात दिला.

"पप्पू, ह्यो दे. आज तू दे."

"दादा, ह्यो तर वापरलेला."

"वापरलेला जोडा दानात देत न्हाईत," मागून एक म्हातारा म्हणाला.

"न वापरता कळंल कसा, चावतो का न्हाई?" हौशीराम म्हणाला. आवाज चढला नव्हता.

बायका वरच्या अंगाला कडेला बसल्या होत्या. त्यांच्यातून ठमाबाईचा आवाज आला. दहा दिवसांत ती पहिल्यांदा चारचौघांत बोलली. "त्योच द्या त्येला. त्येंनी आत हात घालून बघितलाय."

भटजींनी मान डोलावली. पप्पूनं जोडा पाटावर ठेवला, पाणी सोडलं, बापाचं नाव घेतलं. हौशीरामानं तो पुन्हा कपाळाला लावला आणि पायात घातला. काळा बूट गुरवाला गेला.

सगळं आटोपल्यावर माणसं जीपकडं निघाली. "हौशीदादा, या की, मागं जागा हाय," पप्पूनं हाक मारली. हौशीरामानं हातानंच नको म्हटलं आणि तो गावाच्या वाटेला लागला. वाट नदीतून वर चढत गेलेली, सावली थोडी. तो अगदी सावकाश चालत होता, एक पाऊल टाकून दुसऱ्याची वाट बघावी तसा. थोडं चालला आणि लिंबाखाली बसला. पुन्हा उठला, थोडं चालला आणि बांधावर टेकला.

पप्पूला राहवलं नाही. त्यानं जीप पुढं जाऊ दिली आणि तो मागं आला.

"दादा, पाय दुखत्यात का? चावतोय का जोडा?"

"न्हाई. आजाबात चावत न्हाई."

"मंग सारखं बसता कशाला? ऊन लई झालंय."

हौशीरामानं चढाकडं पाहिलं. अजून बराच चढ होता.

"त्याला दम लागतो," तो म्हणाला.

पप्पूनं डोक्यावर टॉवेल ओढून घेतला आणि तोही त्याच्या शेजारी बांधावर बसला. थोड्या वेळानं दोघं उठले, थोडं चालले आणि पुन्हा बसले.